बेलम गुहा : जमिनीखाली शिरल्यावर

लेणी म्हटलं की आपल्याला अजिंठा-वेरूळ आठवतं, छिन्नीने कोरलेला काळा कातळ. आंध्रातली बेलम गुहा मात्र पाण्याने कोरली आहे. नंद्याल जिल्ह्यात, सपाट शेतजमिनीच्या खाली! वरून काहीच कल्पना येत नाही. एका मोठ्या खड्ड्यात जिना उतरतो आणि आपण थेट चुनखडीच्या पोटात.

बहुतेकांना गुहेत गारवा असेल असं वाटतं. इथे उलट आहे. हवा दमट आणि उबदार, दहा मिनिटांत शर्ट अंगाला चिकटतो. आत ताजी हवा सोडण्याची सोय आहे, त्या जागी लोक हमखास थबकतात.

गुहेची लांबी 3229 मीटर, त्यातला साधारण दीड किलोमीटर पर्यटकांना खुला आहे. भूगर्भतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी 1884 मध्ये तिची नोंद केली होती. पावसाचं पाणी कार्बन डायऑक्साइड घेऊन मुरतं, चुनखडक विरघळवतं. तेच पाणी छतातून ठिबकताना चुना मागे ठेवतं आणि लोंबते स्तंभ तयार होतात. कोटिलिंगालू दालनात ते इतके दाटीने आहेत की मान वर करून बघतच राहावं. सप्तस्वर दालनातले स्तंभ वाजवले की धातूसारखा नाद येतो, पण कृपा करून वाजवू नका. हाताचं तेल लागलं तरी त्यांची वाढ खुंटू शकते.

शेवटी पाताळगंगा, सर्वांत खोल जागा. वाट ओली असते, चांगली पकड असलेले बूट घाला. गंडीकोटाची दरी याच भागात आहे. दोन्ही एकाच फेरीत जोडा.