हुकावरचे वजन

ट्रॅक्टरचा मागचा हुक दोन कामे करतो. तो ट्रॉली ओढतो आणि तिच्या वजनाचा काही वाटा स्वतःवर घेतो. पहिले काम डोळ्यांना दिसते, दुसरे दिसत नाही, म्हणून त्याचा विचारही कमी होतो. गोंदिया जिल्ह्यात हलके धान ऑक्टोबरात, भारी धान नोव्हेंबर-डिसेंबरात आणि पाण्याची सोय असलेल्या भागात उन्हाळी धान मे महिन्यात निघते. बांधीतून पुंजण्यापर्यंत भारे, मळणीनंतर खरेदी केंद्रावर किंवा राईस मिलवर कट्टे आणि मग गोठ्याकडे तणीस, अशा फेऱ्या चालू असतात. ट्रॉली तीच असली तरी प्रत्येक फेरीत हुकावर येणारे वजन वेगळे असते.

बैलबंडीच्या काळात हे ज्ञान अंगवळणी पडलेले होते. माल मागे जास्त झाला की बंडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. पुढे जास्त झाला की बंडी धुरजड होते आणि बैलांची मान दबते. बंडी भरणारा माणूस जू हाताने उचलून पाहायचा आणि एखादे पोते मागे-पुढे सरकवायचा. ट्रॅक्टरला मान नाही, त्यामुळे तो तक्रार करत नाही. चूक कळते ती चढावर, धुऱ्यावर किंवा ब्रेक लावल्यावर.

ट्रॉली घेताना पहिला निर्णय चाकांचा असतो. चार चाकी ट्रॉलीचा पुढचा अ‍ॅक्सल फिरत्या चकतीवर बसवलेला असतो. ती आपले सगळे वजन आपल्याच चाकांवर पेलते, हुकावर फक्त ओढ येते. डांबरी रस्त्यावर लांबच्या वाहतुकीला ती बरी, पण मागे घेणे अवघड आणि चिखलात ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना तिच्याकडून काहीच दाब मिळत नाही. दोन चाकी ट्रॉलीचा अ‍ॅक्सल मध्याच्या थोडा मागे असतो, म्हणून तिचे नाक ट्रॅक्टरवर टेकते. तो दाब मोठ्या चाकांवर उतरतो आणि ती घसरत नाहीत. पांदण रस्त्यावरून आणि ओल्या बांधीच्या कडेने जाणाऱ्या शेतकऱ्याला दोन चाकीच सोयीची पडते. वजनाचा खरा हिशेबही तिलाच लागतो.

हिशेब सोपा आहे. हुकाच्या कडीपासून अ‍ॅक्सलपर्यंत 3 मीटर अंतर असलेली एक ट्रॉली धरू. खरेदी केंद्रावर कट्टा 40 किलोचा भरतात. 100 कट्ट्यांचे 4 टन झाले. या मालाचा मध्य अ‍ॅक्सलच्या 40 सेंटीमीटर पुढे असेल तर हुकावर 530 किलोच्या आसपास वजन येते. तोच मध्य 80 सेंटीमीटर पुढे गेला तर 1,070 किलो. आणि अ‍ॅक्सलच्या 20 सेंटीमीटर मागे गेला तर हुक खाली दाबला जाण्याऐवजी 270 किलो जोराने वर उचलला जातो. पुढच्या फळीजवळचे दहा कट्टे मागच्या फाळक्याकडे, म्हणजे अडीच मीटर मागे नेले, तर हुकावरचा भार 330 किलोंनी उतरतो. ट्रॉली भरणारे मजूर शेवटची थप्पी कुठे लावतात, यावर इतके काही ठरते.

आता हेच वजन ट्रॅक्टरच्या बाजूने पाहू. 2 टनांचा, पुढच्या आणि मागच्या चाकांत 2 मीटर अंतर असलेला ट्रॅक्टर घेतला, तर रिकाम्या उभ्या स्थितीत त्याचे साधारण 700 किलो पुढच्या चाकांवर आणि 1,300 किलो मागच्या चाकांवर असते. हुक मागच्या अ‍ॅक्सलच्या 75 सेंटीमीटर मागे आहे. त्यावर 530 किलो टेकले की पुढची चाके 200 किलोंनी हलकी होतात, कारण मागचा अ‍ॅक्सल तराजूच्या टेकूसारखे काम करतो. 1,070 किलो टेकले तर 400 किलोंनी हलकी होतात आणि पुढे जेमतेम 300 किलो उरतात. स्टिअरिंगला दाद मिळावी म्हणून ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या निदान 20 टक्के भार पुढे राहावा, असा ट्रॅक्टर उद्योगातला संकेत आहे. इथे तो 400 किलो होतो. ही गणना सपाट जमिनीवर उभ्या ट्रॅक्टरची आहे. सालेकसा-देवरीकडच्या डोंगराळ भागात चढ लागला की ओढीमुळे पुढचा भार आणखी कमी होतो.

म्हणून हुकाची उंची हा दुसरा निर्णय, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. ओढ मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापेक्षा खाली लागली तर ती ट्रॅक्टरचे तोंड जमिनीकडे धरून ठेवायला मदत करते. ती वर लागली, म्हणजे कोणी लिफ्टच्या वरच्या दांडीच्या (टॉप लिंकच्या) जागी साखळी अडकवली किंवा हुक उंच बसवून घेतला, तर तीच ओढ ट्रॅक्टरला मागे उलथवू लागते. चाके चिखलात अडकलेली असताना क्लच झटक्यात सोडला की पुढची चाके उचलली जातात. तिथून सावरण्याची वेळ निघून जायला सेकंदापेक्षाही कमी अवधी पुरतो, इतक्यात चालकाचा पाय क्लचपर्यंत पोहोचतही नाही. लिफ्टच्या दोन हातांमध्ये बसवलेल्या भोकांच्या पट्टीला भरलेली ट्रॉली लावणेही धोक्याचे, कारण लिफ्ट वर गेली की ओढीची जागाही वर जाते आणि ती पट्टी एवढे वजन टेकवायला बनवलेलीच नसते. ट्रॉलीसाठी ट्रॅक्टरच्या मागे घट्ट बोल्ट केलेला, कंपनीने दिलेल्या उंचीचा हुकच वापरावा. हुक फार खाली घेतला तर ट्रॉलीचे नाक झुकते आणि माल पुढे दाबतो. फार वर घेतला तर नाक वर जाते आणि माल मागे सरकतो. भरलेली ट्रॉली जमिनीला समांतर दिसली की उंची जमली.

हुकाजवळ बसून पाहिले की त्याची अवस्था कळते. नवी पिन कडीत जेमतेम खेळते. काही हंगामांनी कडीचे भोक गोल न राहता लांबट होते, आणि पिनेच्या एका बाजूला चकचकीत खाच पडते. अंगठा जाईल एवढी फट झाली की प्रत्येक गिअर बदलताना ट्रॉली आधी मागे राहते आणि मग धक्क्याने ओढली जाते. याच धक्क्यांनी हुकाचे बोल्ट सैल होतात आणि वेल्डिंगला तडा जातो. पिनेच्या खालच्या भोकात स्प्रिंगची क्लिप हवी. तिथे तारेचा तुकडा किंवा खिळा अडकवलेला बऱ्याच वेळा दिसतो. ट्रॉली उलाळ झाली तर वर उचलणारा जोर नेमका या क्लिपवरच येतो.

तणीस भरताना गोष्ट वेगळी होते. तणशीचे वजन कट्ट्यांपुढे काहीच नाही, पण ढीग उंच जातो आणि फाळक्याच्या बाहेर मागे लोंबतो. मध्य मागे आणि वर सरकतो, वळणावर ट्रॉली कलते, आणि मुंबई-कोलकाता महामार्गावर मागून येणाऱ्या ट्रकला अंधारात तिचा शेवट दिसत नाही. अशा ट्रॉलीवर माणूस बसवूच नये आणि मागे लाल परावर्तक लोंबत्या भाराच्याही पलीकडे दिसेल असा बांधावा.

हुकावर किती वजन ठेवावे, हा प्रश्न मोटारीमागे राहण्याची कॅराव्हॅन ओढणाऱ्यांपुढेही असतो. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तरी आपल्याकडे अशी जोडगाडी विरळाच. अमेरिकेत ती सर्रास दिसते आणि कॅराव्हॅनच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के वजन हुकावर ठेवण्याचा तिथे प्रघात आहे. त्याहून कमी ठेवले तर वेगात कॅराव्हॅन शेपटीसारखी डोलू लागते. पण तेवढे वजन टेकले की मोटारीचे बूड खाली बसते आणि तोंड वर होते. यावर उपाय म्हणून वजन वाटणारा हुक वापरतात. हुकाच्या डोक्यातून दोन पोलादी स्प्रिंग दांड्या मागे कॅराव्हॅनच्या चौकटीखाली जातात आणि त्यांची टोके साखळीने वर ताणून बांधतात. दांड्या सरळ व्हायला पाहतात, त्या जोराने हुकाचे डोके वर रेटले जाते आणि मागच्या चाकांवरचा काही भार पुढच्या चाकांवर व काही कॅराव्हॅनच्या चाकांवर जातो.

असा हुक निवडण्याची पद्धत अशी. कॅराव्हॅन पाणी, सिलिंडर, सामानासह पूर्ण भरून हुकावरचे वजन मोजायचे आणि त्या वजनाला साजेशा दांड्या घ्यायच्या. फार ताठ दांड्यांनी चौकटीला हादरे बसतात, फार मऊ दांड्यांनी काहीच साधत नाही. मग मोटारीच्या पुढच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासूनची उंची रिकामी, जोडल्यावर आणि दांड्या ताणल्यावर अशी तीनदा मोजायची. वाढलेली उंची निदान निम्मी परत खाली आली पाहिजे. मोटारीची ओढण्याची मर्यादा मात्र यामुळे वाढत नाही. युरोपात हुकावर बहुधा 75 ते 100 किलोच ठेवतात, म्हणून तिथे असे हुक क्वचित लागतात.

धानाच्या ट्रॉलीला हा हुक चालणार नाही. बांधीच्या धुऱ्यावरून जाताना ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यात उभा कोन सतत बदलतो आणि ताणलेल्या दांड्या तिथे तुटतील किंवा ट्रॉलीची दांडी वाकवतील. शिवाय ट्रॅक्टरला मागच्या चाकांवर दाब हवाच असतो. इथे पुढचा भार राखण्याचे उपाय साधे आहेत: ट्रॅक्टरच्या तोंडाला वजनाच्या प्लेटा लावणे, कट्ट्यांची थप्पी अ‍ॅक्सलच्या थोडीच पुढे राखणे आणि मर्यादेपेक्षा जास्त न भरणे. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर उतारावर ती ट्रॅक्टरला पुढे ढकलते आणि आडवा करते. म्हणून रस्त्यावर डावा-उजवा ब्रेक जोडून ठेवावा आणि उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा.

मळणी सुरू होण्याआधी, ट्रॉली रिकामी असतानाच, पिन काढून कडीचे भोक पाहा. ते लांबट झाले असेल तर कडी आणि पिन दोन्ही बदलून घ्या.