'थांबा' म्हणण्याचा अधिकार : बालमंदिरातील सुरक्षितता आणि तिचे शिक्षण

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या बाईंच्या हाताखाली मी आपल्या शाळेच्या बालमंदिरात अकरा वर्षे काम केले आणि पुढे बारा वर्षे त्यांच्या जागेवर. येथे जमलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येकांची नाके मी पुसली आहेत; तेव्हा विद्वत्तेचा आव आणणे मला शोभणार नाही. यापूर्वीच्या वक्त्यांनी या व्यासपीठावरून संतवाङ्मय, सयाजीराव महाराजांचे शिक्षणविषयक धोरण अशा भारदस्त विषयांचे विवेचन केले. त्यांच्यापुढे माझा विषय किरकोळ वाटेल. फिनेलची बाटली कोठे ठेवावी, कठड्याच्या गजांत किती अंतर असावे, मुलाच्या घशात दाणा अडकला तर पहिल्या मिनिटात काय करावे, आणि हे सारे कोणाला शिकवावे, हा तो विषय. यातील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे, असे माझे मत झाले आहे. ते कसे झाले ते आधी सांगते.

१९८९ सालच्या पावसाळ्यातील गोष्ट. एका मुलाचा वाढदिवस होता. त्याच्या घरून खाऊच्या पुड्या आल्या : पेढा, केळ्याचे वेफर आणि खारे शेंगदाणे. साडेतीन वर्षांचा दुसरा एक मुलगा हसत हसत खात होता, तो एकाएकी गप्प झाला. खोकला नाही, रडे नाही. ओठ निळसर दिसू लागले. माझ्याजवळ प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र होते. मी काय केले? त्याच्या तोंडात बोट घातले. नेमके तेच करू नये. न दिसणारा दाणा बोटाने आणखी आत सरकतो. आमच्या मावशींनी मूल माझ्या हातून अक्षरशः ओढून घेतले, डोके खाली करून मांडीवर पालथे घातले आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या मनगटाकडील भागाने जोराने थापट्या मारल्या. तिसऱ्या की चौथ्या थापटीला दाणा बाहेर पडला आणि मुलाने टाहो फोडला. इतके गोड रडणे मी पुन्हा ऐकले नाही.

मावशींना हे कसे येत होते? आदल्या वर्षी आपल्याच शाळेचे एक माजी विद्यार्थी, जे डॉक्टर झाले होते, ते शिकवायला आले होते. परिपत्रक केवळ शिक्षिकांसाठी होते. बाईंनी मावशींना आणि पहारेकऱ्यालाही आणून बसविले. मी मागच्या रांगेत वही उघडून टिपणे घेत होते. मावशींना लिहिता येत नव्हते; म्हणून त्यांनी बाहुली मांडीवर घेऊन करून पाहिले. माझे टिपण अजून माझ्याजवळ आहे, आणि त्यात सारे अचूक लिहिले आहे.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सर्वांना बसवून एकच प्रश्न विचारला : "पुड्या आल्या तेव्हा कोणी पाहिल्या?" मावशी म्हणाल्या, "मी पाहिल्या. दाणे बघून मनात आलंही. पण बाई, मोठ्या घरचा खाऊ. मी कोण सांगणारी?"

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी बालमंदिराचा पहिला नियम केला : धोका दिसला तर कोणीही 'थांबा' म्हणावे, शिक्षिकेने आधी थांबावे आणि कारण मागाहून विचारावे. कारण चुकीचे निघाले तरी म्हणणाऱ्याला बोल लावू नये.

आता विषयाच्या शास्त्रीय बाजूकडे वळते. लहान मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रतिकृती नव्हे. त्याची श्वासनलिका अरुंद असते आणि दाणा चावून बारीक करण्याची शक्ती पुरती आलेली नसते. म्हणून अख्खे शेंगदाणे, फुटाणे, न चिरलेली द्राक्षे बालमंदिरात नकोत. ठसका लागलेले मूल खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे, पाठीवर मारू नये. खोकल्याइतके चांगले औषध नाही. आवाजच बंद झाला, की मात्र क्षणाचाही विलंब नको. पाठीवर पाच थापट्या. त्याने न निघाल्यास, मूल एक वर्षाहून मोठे असेल तर, त्याच्या मागे बसून बेंबीच्या किंचित वर मूठ ठेवून आत आणि वर असे पाच दाब. वर्षाखालील बाळाच्या पोटावर असा दाब कधीही देऊ नये. त्याला छातीच्या मध्यावर दाब द्यावयाचे. हे सांगून येत नाही. बाहुलीवर हात बसावा लागतो, आणि तो दरवर्षी पुन्हा बसवावा लागतो.

शरीराच्या मानाने मुलाचे डोके जड असते. त्यामुळे बादलीत डोकावणारे दीड-दोन वर्षांचे मूल तोल जाऊन डोक्यावर पडते आणि त्याला उठता येत नाही. तळाशी असलेले दोन-तीन इंच पाणीही घातक ठरते. बादली रिकामी करून उपडी ठेवणे या एका सवयीला पैसा लागत नाही. हेच डोके कठड्यातही घात करते. गजांतील जागेतून पाय आणि धड सरकते आणि डोके अडकते. साडेतीन इंचांहून रुंद व नऊ इंचांहून अरुंद फट धोक्याची, असे अमेरिकेतील क्रीडांगणांच्या साधनांविषयीचे मार्गदर्शन सांगते. बाई हे अंतर मुठीने मोजीत. मूठ सहज गेली की सुताराला बोलावणे जाई. (सुतार त्यांना भिऊन असे.)

फिनेल आणि ॲसिडच्या बाटल्या मुलांचा हात पोहोचणार नाही अशा कुलपाच्या कपाटात, आणि आपल्या मूळच्याच बाटलीत असाव्यात. सरबताच्या रिकाम्या बाटलीत फिनेल भरणे ही आपल्याकडील काटकसर फार महाग पडते. मूल रंग आणि आकार ओळखते, वास मागाहून कळतो.

कायदा काय म्हणतो? २००९ चा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याखालील वयाबद्दल तो एवढेच म्हणतो की, ३ वर्षांवरील मुलांच्या पूर्वप्राथमिक शिक्षणाची सोय शासन करू शकेल. म्हणजे ज्या वयाला सर्वाधिक जपावयाचे, ते या कायद्याच्या उंबऱ्याबाहेरच उभे. २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणाने ३ ते ६ वर्षांच्या दर २० मुलांमागे आणि ३ वर्षांखालील दर १० मुलांमागे एक मोठी व्यक्ती असावी, ३० मुलांच्या वर्गाला निदान ३५ चौरस मीटर खोली व बाहेर ३० चौरस मीटर मोकळी जागा असावी, असे म्हटले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला. तथापि धोरण म्हणजे कायदा नव्हे.

ज्याला कायद्याचे बळ आहे असा निर्णय एका भीषण घटनेतून आला. तमिळनाडूत कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी एका शाळेत दुपारच्या जेवणाच्या स्वयंपाकघरात आग लागली, ती शाकारलेल्या छपराने पकडली आणि ९४ मुले गेली. या घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निकाल दिला. सुरक्षित शाळेत शिकणे हा मुलाच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, हे त्यातील तत्त्व. इमारती राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार असाव्यात, सहा महिन्यांत अग्निशामक साधने बसवावीत, ज्वालाग्राही व विषारी पदार्थ शाळेत ठेवू नयेत, आणि ही साधने वापरण्याचे शिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावे, असे आदेश त्यात आहेत. यांतील पहिल्या गोष्टींचे दाखले मिळतात, ते चौकटीत लावता येतात. शेवटची गोष्ट चौकटीत बसत नाही. अग्निशामक नळकांडे भिंतीवर असते, त्यावरील काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही हे कोणी पाहत नाही, आणि मावशी त्याला हात लावीत नाहीत. कारण ती 'शाळेची मालमत्ता' असते.

कुंभकोणमनंतर बरोबर नऊ वर्षांनी, १६ जुलै २०१३ रोजी, बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावी शाळेतील जेवणातून २३ मुले मृत्यू पावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होते. तेलाचा वास आणि रंग निराळा आहे असे स्वयंपाकिणींना जाणवले होते व त्यांनी तसे म्हटलेही होते, असे त्या वेळच्या वृत्तांतांत आले. ते वाचले त्या दिवशी मला आमच्या मावशींचे 'मी कोण सांगणारी?' पुन्हा ऐकू आले. मुलांना वाढण्यापूर्वी दोन-तीन मोठ्यांनी, त्यांत निदान एका शिक्षकाने, अन्न चाखावे असा नियम आहे. चांगला नियम आहे. परंतु चाखण्याच्या कितीतरी आधी, फोडणीच्या वेळीच, ज्या नाकाला संशय आला होता त्या नाकाला अधिकार नव्हता.

निवृत्तीनंतर काही वर्षे मी वडोद्याच्या आसपासच्या अंगणवाड्यांतील भगिनींच्या वर्गांना शिकवायला जात असे. महाराष्ट्रात जिला मदतनीस म्हणतात, तिला गुजरातेत 'तेडागर' म्हणतात. 'तेडवुं' म्हणजे बोलावून आणणे, आणि कडेवर घेणेही. पदाचे इतके सुंदर नाव मला दुसरे ठाऊक नाही. पण वर्गात सेविका पुढे बसत, तेडागर चहाच्या पातेल्यापाशी. मी दर वेळी आधी पातेले बाजूला ठेवायला लावी. वर्दीच्या रिक्षावाल्यांना मात्र मी कधीच आणू शकले नाही. ते माझे अपयश.

बाईंच्या नियमाची किंमतही मोजावी लागली, ते लपवीत नाही. हरियाणातील डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या समारंभाच्या मांडवाला आग लागून चारशेहून अधिक माणसे, बहुतांशी मुले आणि आया, गेली होती. पुढच्याच वर्षी आमच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांसाठी आणलेला सोफा मांडवाच्या दुसऱ्या दाराला आडवा ठेवला गेला. पाहुणे आले, दीपप्रज्वलन व्हायचे, आणि मावशी उभ्या राहून म्हणाल्या, "थांबा." कार्यक्रम वीस मिनिटे खोळंबला. एका विश्वस्तांनी बाईंना चारचौघांत शब्द ऐकविले. बाईंनी ते ऐकून घेतले. सोफा हलल्यावरच समई लागली.

१८ जानेवारी २०२४ रोजी आपल्याच शहरात हरणी तलावात सहलीची नाव उलटली. १२ मुले आणि २ शिक्षिका बुडाल्या. कित्येकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. त्या प्रकरणी निवाडा करणे न्यायालयाचे काम आहे. मी त्या रात्री एवढाच विचार करीत बसले होते, की काठावर कोणीतरी मुले मोजली असतील, कोणाच्या तरी मनात 'फार झाली' असे आले असेल.

बालमंदिरात दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आता बाहेर पडण्याची कवायत होते. घंटा वाजते, मुले दोरी धरून चिंचेखाली जमतात, हजेरी होते. मागच्या वेळी मीही पाहायला गेले होते. वर्गशिक्षिकेने हजेरीपटावरील आकडा वाचला, तो बरोबर आला. सारे परत फिरणार, तोच नव्याने लागलेल्या मुलीने, तिला महिनाही झालेला नव्हता, हात वर केला आणि अगदी हलक्या आवाजात 'थांबा' म्हटले. तिने डोकी मोजली होती. एक कमी भरत होते. मूल स्वच्छतागृहात सापडले. तेव्हापासून आकडा हजेरीपटावरून वाचीत नाहीत. प्रत्येक मुलाच्या डोक्यावर हात ठेवून मोजतात, आणि मोजणारी व्यक्ती दर वेळी निराळी असते.