दचकणे आवरेना तेव्हा

पाठीमागे दार धाडकन आपटले असता पापण्या मिटाव्यात, मान आखडावी, खांदे वर चढावेत आणि क्षणार्धात आपले आपल्यालाच हसू यावे, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्यामागे काही नाजूक व्यवस्था असेल अशी शंकाही आपणांस येत नाही. परंतु ज्या थोड्या माणसांत ती व्यवस्था जन्मतःच सदोष असते त्यांच्याकडे पाहिले म्हणजे, दचकण्यापेक्षा दचकणे आवरणे हेच शरीराचे मोठे कर्तृत्व होय, असे म्हणावे लागते.

‘हायपरएक्प्लेक्सिया’ हा तो विकार. टाळी, शिंक, पाठीवर अवचित पडलेली थाप, काहीही निमित्त पुरते. सर्वांग ताठ होते आणि उभा मनुष्य जागच्या जागी कोसळतो. शुद्ध हरपत नाही. आपण पडत आहोत हे त्यास स्वच्छ कळत असते. पण हात पुढे करून तोंड वाचविण्याची मुभा आखडलेले स्नायू त्यास देत नाहीत. पुष्कळदा यास अपस्मार समजून भलताच इलाज होतो.

१९६६ साली डच वैद्यांनी एका घराण्याच्या पिढ्या तपासून या आनुवंशिक विकाराचे नामकरण केले, आणि १९९३ साली पाचव्या गुणसूत्रावरील दोषी जनुक हाती लागले. दचकण्याचा हुकूम मस्तिष्कस्तंभातून सुटतो; त्याची तामील बेताने व्हावी म्हणून ग्लायसिन हे साधे अमिनो आम्ल अंमलदाराप्रमाणे मज्जारज्जूत तैनात असते, आणि चेतापेशींवरील ग्राहींना चिकटून, क्लोराइडला आत वाट करून देऊन, पेशींची उत्तेजना शमविते. बहुतेक रुग्णांत या ग्राहींतच दोष असतो. कोकणच्या रानांतील काजऱ्याच्या, म्हणजेच कुचल्याच्या, बियांतले स्ट्रिक्नीन हे विष नेमके याच ग्राहींना निकामी करते, म्हणून ते भिनलेला प्राणी बारीकशा आवाजानेही आचके देऊ लागतो.

हा विकार असलेले नवजात अर्भक जागेपणी ताठ असते, झोपेत सैलावते. नाकाच्या शेंड्यावर हलकी टिचकी मारली तर निरोगी मूल लवकरच सरावते. याची मान मात्र दर वेळी मागे झटकते. ताठरपणात श्वास कोंडला तर प्रसंग जिवावर बेततो. अशा वेळी बाळाचे मस्तक व पाय पोटाकडे दुमडून धरावेत, ही इटालियन वैद्य विजेव्हानो यांनी सांगितलेली युक्ती कोणाही मातेस शिकविता येते, आणि मला तरी ती या साऱ्या शास्त्रातील सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

ताठरपणा बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत ओसरतो. दचकणे मात्र जन्मभर सोबत करू शकते. क्लोनाझेपाम हे औषध ‘गाबा’ या दुसऱ्या शामक रसायनाचे बळ वाढवून पडणे पुष्कळ कमी करते, तरी पावले जपूनच पडतात. कारण थकवा, उद्वेग आणि आता कोणी दचकवील ही धास्ती, यांनीच विकार बळावतो. सबब घरच्यांनी समोरून, हाक देत यावे अशी तजवीज ठेवावी लागते, आणि मागून येऊन ‘भॉक’ करणाऱ्या विनोदी आप्तांस कायमचा मज्जाव करावा लागतो.