शिक्क्याची किंमत आणि पान्याची किंमत

आपल्या या पानावर सूत, कापड, चामडे, बेकरी, फर्निचर असे विषय नेहमी येतात. आज मी एका स्पोर्ट्स कारचा हिशेब मांडणार आहे. वाचक बंधू म्हणतील, टेम्पोचा हप्ता भरताना ज्याच्या नाकी नऊ येतात त्याला स्पोर्ट्स कारशी काय देणेघेणे? देणेघेणे असे की, आपले यंत्र आपण सांभाळावे की कंपनीच्या माणसाला पैसे मोजून त्याच्या हवाली करावे, हा सवाल यंत्रमागवाल्यालाही आहे, छापखान्यालाही आहे आणि शिलाई यंत्रावर बसणाऱ्या कारागिरालाही आहे. इंग्लंडात स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या साध्या कमाईच्या लोकांनी या सवालाचा हिशेब इतका बारकाईने केला आहे की आपण तो पाहण्यासारखा आहे.

माझा भाचा बर्मिंगहॅमला एका गोदामात सुपरवायझर आहे. श्रीमंत नाही. पण त्याच्याकडे २००४ सालची माझदा एमएक्स-५ आहे. माझदा हे नाव आपल्याकडे स्वराज माझदाच्या ट्रकमुळे ओळखीचे आहे. भिवंडीहून माल भरून निघालेल्या किती गाड्यांच्या तोंडावर हे नाव आपण वाचले असेल! त्याच जपानी कंपनीने १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही छोटी, दोन आसनी, छप्पर उघडणारी गाडी दाखवली. दोन आसनी स्पोर्ट्स कारमध्ये जगात सर्वाधिक खपलेली म्हणून तिची गिनीज बुकात नोंद आहे आणि २०१६ साली तिची दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. खपण्याचे एक कारण असे की ती साधी आहे. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, आणि बॉनेट उघडले की बहुतेक गोष्टी हाताला लागतात.

हे सर्वच स्पोर्ट्स कारना लागू नाही. फेरारीची एफ-३५५ ही १९९४ ते १९९९ या काळात निघालेली गाडी घ्या. तिचा टायमिंग बेल्ट ठरावीक वर्षांनी बदलावा लागतो आणि त्यासाठी अख्खे इंजिन गाडीतून खाली उतरवावे लागते. पुढच्या ३६० मॉडेलात कंपनीने आसनांच्या मागे झाकण ठेवून ही अडचण दूर केली. म्हणजे घरी काम करता येईल की नाही, हे मालकाच्या हुशारीवर नंतर ठरते. यंत्र ज्याने आखले त्याने ते आधीच ठरवलेले असते. यंत्र विकत घेताना किमतीबरोबर हेही विचारायला हवे, पण आपल्यातले किती जण विचारतात?

आता हिशेब. भाच्याने गाडीसाठी एक वही ठेवली आहे, त्यातले आकडे देतो. कंपनीच्या डीलरने वर्षाच्या सर्व्हिसिंगचे व्हॅट धरून २८० पौंड सांगितले होते. तिथे मजुरी तासावर असते, बऱ्याच ठिकाणी डीलरचा दर तासाला शंभर पौंडांच्या वर गेला आहे आणि त्यावर २० टक्के व्हॅट. भाच्याने स्वतः सामान आणले ते असे: सुमारे चार लिटर ऑइल ३५ पौंड, ऑइल फिल्टर ८, एअर फिल्टर १२, चार स्पार्क प्लग २२, आणि ऑइलच्या चेंबरच्या नटाचा वायसर १ पौंड. एकूण ७८. म्हणजे २०२ पौंड वाचले.

वाचले असे तो म्हणतो. पण जॅक, लोखंडी घोड्या, पान्यांचा संच, टॉर्क पाना आणि फिल्टर काढायचा पाना यांना पहिल्या वर्षी २१० पौंड लागले. म्हणजे पहिल्या वर्षी ८ पौंड तोटा. शिवाय पहिल्यांदा त्याला पाच तास लागले. या गाडीचा ऑइल फिल्टर इनटेकच्या नळ्यांखाली अशा जागी बसवला आहे की तिथे हात पोचतो पण मूठ वळत नाही. नवशिक्याचा अर्धा दिवस तिथेच जातो. त्याच्या ओव्हरटाइमचा तास १८ पौंडांचा. पाच तासांचे ९० धरले तर पहिल्या वर्षी तोटा ९८ पौंड. दुसऱ्या वर्षी हत्यारे घरात आहेत, हात बसला आहे, काम अडीच तासांत होते. २०२ मधून ४५ वजा केले तर १५७ पौंड खरे वाचले.

यावर भाचा मला म्हणाला, "मामू, रविवारी ओव्हरटाइम मिळतच नाही, मग तो तास तुम्ही का धरता?"

मी म्हटले, "तू धरू नकोस, पण वहीत लिही."

आमच्या धंद्यात कित्येक यंत्रमागवाले घरच्या बाईने भरलेल्या कांड्या फुकट धरतात आणि मीटरमागे नफा झाला असे समजतात. ज्या दिवशी कांड्या भरायला बाहेरचा माणूस ठेवावा लागतो त्या दिवशी कळते की नफा कधी नव्हताच, घरच्यांची मजुरीच आपण खात होतो. स्वतःचा तास फुकट नसतो. शौक म्हणून खर्च करायचा असेल तर खुशाल करावा, पण त्याला बचत म्हणू नये.

मग माणूस डीलरकडे जातो कशाला? ऑइल तर बाजारात मिळते. डीलरकडे खरी विकली जाते ती दुसरीच चीज, सर्व्हिस बुकातला शिक्का. ज्या गाडीच्या वहीत दरवर्षी डीलरचा शिक्का आहे ती विकताना गिऱ्हाईक बिनदिक्कत जास्त पैसे देते. आता अनेक कंपन्यांनी वही बंद करून ही नोंद संगणकावर नेली आहे, पण चीज तीच.

भाच्याने ही गाडी घेतली तेव्हा वहीत शिक्के होते. एकाच डीलरचे, ओळीने. नाव लिहीत नाही, लिहून फायदाही नाही. भाच्याने पहिल्या रविवारी एअर फिल्टरची पेटी उघडली तर आतला फिल्टर काळा पडलेला आणि त्यात वाळलेली पाने. मागच्या ब्रेकचा प्रकार आणखी बोलका. या गाडीत मागच्या कॅलिपरचे पिस्टन मागे घ्यायचे तर आधी एक बोल्ट काढावा लागतो आणि त्याच्या आतला स्क्रू षटकोनी किल्लीने फिरवावा लागतो. त्याशिवाय नवे पॅड बसत नाहीत आणि हँडब्रेक नीट जुळत नाही. वहीत ब्रेकची तपासणी आणि जुळवणी लिहिली होती. त्या बोल्टला मात्र वर्षांची माती धरली होती, पाना लागल्याची खूण नव्हती. शिक्का होता, काम नव्हते.

कापडवाल्याला यात नवल वाटणार नाही. ठाणावर ६० पिकचा छाप असतो आणि भिंग लावून धागे मोजले तर ५६ भरतात. म्हणून आपण छाप पाहून माल उचलत नाही, भिंग खिशात ठेवतो. सगळेच डीलर असे असतात असे माझे म्हणणे नाही. पण एअर फिल्टर एकदा तरी स्वतः उघडून पाहिला की पुढच्या वेळी काउंटरवर काय विचारायचे ते मालकाला समजते. स्वतः काम करण्याचा मला मोठा वाटलेला फायदा १५७ पौंडांचा नाही, तो हा आहे.

आणखी एक गोष्ट. ही गाडी इंजिनाने क्वचित मरते, ती गंजाने मरते. छपरावरचे पाणी आसनांच्या मागे असलेल्या दोन भोकांतून खाली जाते. पानगळीत ती भोके तुंबली की पाणी दारांखालच्या पोकळ पट्ट्यांत साचते आणि आतून लोखंड खाते. बाहेरून रंग चकचकीत. इंग्लंडात तीन वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी एमओटी नावाची सरकारी तपासणी पास करावी लागते आणि तिथे या पट्ट्या सडलेल्या निघाल्या की वेल्डिंगचा खर्च गाडीच्या किमतीशी झुंजतो. भोके साफ करायला लवचिक नळीचा तुकडा आणि दहा मिनिटे लागतात. ज्याची गाडी आहे त्याच्याच नजरेने होणारे हे काम आहे. (एमओटीचा निकाल गाडीच्या नंबरावरून कोणालाही फुकट पाहता येतो. आपल्याकडे जुना टेम्पो घेताना अशी सोय असती तर किती भांडणे वाचली असती!)

इथपर्यंत वाचून कोणी पाना घेऊन लगेच गाडीखाली शिरू नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. जॅक उचलण्यासाठी असतो, पेलण्यासाठी नाही. गाडी घोड्यांवर टेकल्याशिवाय भाचा खाली जात नाही आणि माझ्या मते बचतीच्या हिशेबात हा नियम पहिला हवा.

स्वतः काय करावे आणि कुठे पैसे द्यावेत, याचे भाच्याने एक गणित बसवले आहे आणि मला ते पटले. जे काम चुकले तर डोळ्यांना लगेच दिसते ते घरी करावे. ऑइलचा नट सैल राहिला तर जमिनीवर डाग पडतो. प्लग नीट बसला नाही तर इंजिन थरथरते. पण ब्रेकच्या नळीत हवा राहिली किंवा एअरबॅगच्या तारेला धक्का लागला तर ते कळते त्या क्षणी उशीर झालेला असतो. तिथे मजुरी द्यावी आणि बिल मागून घ्यावे. ब्रेकचे ऑइल हवेतला ओलावा शोषते म्हणून दोन वर्षांनी बदलतात, ते काम तो बाहेर देतो. टायमिंग बेल्टही त्याने बाहेर करून घेतला, जरी या इंजिनाची रचना अशी आहे की बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, गाडी फक्त बंद पडते. बहुतेक इंजिनांत इतकी सवलत नसते. गाडी नवी आणि वॉरंटीत असेल तर घरचा पाना बाजूलाच ठेवावा, कारण भांडणाच्या वेळी पुरावा कागदाचा लागतो.

बाहेर म्हणजे डीलरकडेच असे नाही. त्याच्या घरापासून काही मैलांवर एक छोटे गॅरेज आहे, तिथे याच जातीच्या गाड्या येतात. मजुरी डीलरपेक्षा बरीच कमी, आणि हात डीलरच्या पोरांपेक्षा सरावलेला. अशा गॅरेजना युरोपात कायद्याने संरक्षण दिले आहे. २००२ सालच्या युरोपीय नियमांनी कंपन्यांना सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना द्यायला भाग पाडले आणि केवळ बाहेर सर्व्हिसिंग केली म्हणून वॉरंटी नाकारता येणार नाही, हा विचार रुजवला. ब्रिटन युरोपातून बाहेर पडल्यावर तिथे १ जून २०२३ पासून याच विषयाचा स्वतंत्र आदेश लागू झाला.

इथे हा विषय आपल्या दारात येतो. कुर्ल्यापासून मालेगावपर्यंत आपल्या किती घरांची चूल गॅरेजवर पेटते ते मी सांगायला नको. पूर्वी उस्तादाला कान लावून इंजिनाचा आजार कळत असे. आता गाडीत संगणक आहे आणि त्याची भाषा वाचणारे यंत्र व पासवर्ड कंपनीकडे. २०११ साली एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की कंपन्या अस्सल सुटे भाग आणि तपासणीची यंत्रे खुल्या बाजारात देत नाहीत. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला. बाहेरच्या गॅरेजना भाग व माहिती मिळाली पाहिजे, आणि गाडी बाहेर दुरुस्त केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असेही बजावले. कंपन्या अपिलात गेल्या आणि दंडाचा वाद वर्षानुवर्षे चालला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या नावाने पोर्टल सुरू केले, त्यात वाहने हा एक वर्ग आहे.

पण कायद्याने दार उघडले तरी आत जाणाऱ्याच्या हातात काहीतरी हवे. आपल्या उस्तादांचे काम डीलरपेक्षा सरस असूनही गिऱ्हाईक जाते, कारण डीलर छापील कागद देतो आणि आपण बोटाने ग्रीस पुसत "झालं काम, शेठ" म्हणतो. बर्मिंगहॅमच्या त्या छोट्या गॅरेजने भाच्याला बेल्टच्या कामाचे बिल दिले ते मी पाहिले. तारीख, गाडीचा नंबर, किती मैल झाले, पार्टचा कंपनी नंबर, मजुरीचे तास, आणि खाली सही. जुना बेल्ट पिशवीत घालून परत दिला होता. हे करायला संगणकही लागत नाही. पंचवीस-तीस रुपयांचे कार्बनचे बिलबुक पुरते, आणि ते लिहायला ज्याचे अक्षर बरे आहे असा एखादा पोरगा प्रत्येक गॅरेजमध्ये असतोच.