करणी कशावर चालते?

डिसेंबर २०१३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनापुढे जादूटोणाविरोधी विधेयक आलं. वर्षानुवर्षं रेंगाळलेलं, नाव आणि मसुदा कितीदा तरी बदललेलं हे विधेयक त्याच महिन्यात दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं. त्याआधी २० ऑगस्टला, या कायद्यासाठी झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला होता आणि इतकी वर्षं न हललेल्या सरकारने त्याच आठवड्यात अध्यादेश काढला होता. या कायद्याच्या अनुसूचीत बारा बाबी आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला साखळीने बांधणं, छडीने मारणं, मिरचीची धुरी देणं, जोडा बुडवलेलं पाणी पाजणं, अशी सगळी कृत्यांची यादी. मांत्रिकाच्या मनात माया होती की लोभ, हे अनुसूची विचारत नाही. कायद्याने ते विचारूही नये.

गोष्टी मात्र तेवढंच विचारतात. आपल्या अद्भुत कथांमध्ये मंत्र, मंडल, मुहूर्त, सगळं दोन्ही बाजूंना सारखंच असतं. विद्या काळी ठरते की पांढरी, ते करणाऱ्याच्या मनावर ठरतं. हे सूत्र किती जुनं आहे आणि आपल्याकडे ते कसं बदलत आलं, ते जरा मागे जाऊन पाहण्यासारखं आहे.

विदर्भातून निघायचं तर रिद्धपूरपासून निघावं. अमरावती जिल्ह्यातल्या या गावात तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. त्यात द्वारावतीच्या चांगदेव राउळांची हकिगत आहे. कामाख्या नावाची हठयोगिनी त्यांची अभिलाषा धरून येते आणि हटून बसते. चांगदेव राउळ तिच्याशी मंत्रयुद्ध करत नाहीत, तिला शापही देत नाहीत. ते देहच टाकून देतात आणि भडोचला हरिपाळ नावाच्या प्रधानपुत्राच्या मृत देहात प्रवेश करतात. हेच पुढे महानुभावांचे चक्रधर. योगसामर्थ्य दोघांकडेही आहे. तिचं हवं-हवंवर चालतं, त्यांचं नको-नकोवर. (कामाख्येची बाजू कुणी लिहून ठेवलेली नाही. ती लिहिली गेली असती तर मराठीतली पहिली चेटकीण इतकी एकपदरी राहिली नसती, असं मला नेहमी वाटतं.)

दुसऱ्या चांगदेवाची गोष्ट घरोघरी ठाऊक आहे. चौदाशे वर्षं जगलेला योगी वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानदेवांना भेटायला निघतो, आणि इकडे चार भावंडं बसल्या भिंतीला चालवतात. चमत्कार म्हणून दोन्ही तोलामोलाचे आहेत. वाघामागे मिरवणं आहे, भिंतीमागे पाहुण्याला सामोरं जाणं आहे, एवढाच काय तो फरक. पण या गोष्टीची खरी गंमत पुढे आहे. हरलेला जादूगार मरत नाही, की हाकलला जात नाही. तो मुक्ताबाईचा शिष्य होतो. पसायदानातही दुष्टांचा नायनाट मागितलेला नाही, त्यांचा वाकडेपणा जावा एवढंच मागणं आहे. इंग्रजी फँटसीतल्या काळ्या जादूगाराच्या वाट्याला असा शेवट क्वचितच येतो.

वेताळाची गोष्ट या सूत्राची सगळ्यात स्वच्छ मांडणी आहे. ती मूळची ‘कथासरित्सागरा’तली, पण मराठी पोरांना भेटली ती बहुतेक ‘चांदोबा’तून. चांदोबा १९५२ पासून मराठीत निघू लागला आणि राजाच्या खांद्यावरचं ते प्रेत दर महिन्याला घरात येऊ लागलं. मसणवट एक, प्रेत एक, विधी एक. राजाला प्रेत आणायला धाडणाऱ्या भिक्षूला त्या विधीतून विद्याधरांचं राज्य हवं आहे आणि त्यासाठी राजाचा बळी द्यायचा आहे. राजाला काहीच नको, दिलेला शब्द तेवढा पाळायचा आहे. शेवटी त्याच मंडलात भिक्षूचं मुंडकं पडतं आणि सिद्धी राजाकडे जाते. विधीत काडीचा बदल झालेला नाही.

१८६१ मध्ये लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली आणि मराठीत अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा एक काळ सुरू झाला. वाचकाला गुंगवण्याचं काम त्यांनी चोख केलं. आपल्या प्रश्नाला मात्र त्यांचा फारसा उपयोग नाही, कारण त्यांतली दुष्ट माणसं जन्मतःच दुष्ट असतात आणि सुष्ट माणसं देखणी.

छापील पुस्तकांपेक्षा जास्त विचार आपल्या भुतांच्या वंशावळीत झाला आहे. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेला, तो मुंजा. बाळंतपणात गेलेली ती हडळ. पुरलेल्या धनातून जीव सुटला नाही, तो समंध. ही सगळी यादी म्हणजे राहून गेलेल्या इच्छांची नोंदवही आहे. माणूस वाईट होता म्हणून भूत झाला, असं आजी कधी सांगत नसे. त्याची वासना राहिली, असं सांगे. आणि भूत उतरवायचं म्हणजे त्याला काय हवं ते विचारायचं.

नजरेचं प्रकरण त्याहून सूक्ष्म आहे. तिथे मंत्र नाही, साहित्य नाही, शत्रूही नाही. नुसत्या भावनेनेच बाधा होते. मत्सराने होतेच, पण कौतुकानेही होते. लेकराला सगळ्यात जास्त आईचीच नजर लागते म्हणतात. मग तीच आई मूठभर मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या त्याच्यावरून ओवाळते आणि चुलीत टाकते. एरवी फोडणीत एक मिरची जळली तर घर खोकतं, पण आता ठसका लागला नाही तर समजायचं, लईच नजर होती. माया अति झाली की तीच काळी होते आणि ती उतरवायलाही मायाच लागते, इतका गुंता एखाद्या कादंबरीकाराने घातला असता तर आपण त्याला डोक्यावर घेतलं असतं.

नागपुरात हे सगळं वर्षातून एकदा रस्त्यावर येतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारीच्या गल्ल्यांतून काळी आणि पिवळी मारबत निघते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांपासूनची ही प्रथा. बांबूच्या कामट्या, कागद आणि रंग यांतून उभी केलेली अवाढव्य बाई, हात पसरलेली, आणि तिच्यापुढे रोगराई, ईडापीडा, जादूटोणा सोबत घेऊन जा, अशी आरोळी. काळी मारबत म्हणजे बाकाबाई, इंग्रजांना फितूर झालेली भोसल्यांची राणी, असं लोक सांगतात. इतिहासातल्या बाकाबाईचं प्रकरण इतकं सरळ नाही. दुसऱ्या रघुजींची ही विधवा, आप्पासाहेबांच्या विरोधात गेलेली. वारसाहक्काच्या राजकारणात तिने काय केलं आणि का केलं, यावर बोलता येईल. पण शहराने तिच्यावर दीडशे वर्षांचा राग ओतला आणि त्या रागाचं बाहुलं केलं. पिवळीला मात्र लोक देवी मानतात, नवस बोलतात, कडेवरची पोरं तिच्या पायाशी धरतात. एकीवर राग, एकीवर श्रद्धा, आणि मिरवणुकीच्या शेवटी गावाबाहेर दोघींचंही दहन! कुणी परदेशी फँटसी लेखक असता तर त्याने पिवळीला नक्की वाचवलं असतं. नागपूरकरांच्या मते मात्र पीडा शोषून घेतलेली देवी घरात ठेवायची नसते.

आधुनिक मराठी साहित्यात या प्रश्नाशी सर्वांत जास्त काळ झुंजले ते नारायण धारप (१९२५-२००८). वाचनालयात त्यांची पुस्तकं कपाटात कमी आणि लोकांच्या घरी जास्त असायची. समीक्षकांनी त्यांना दारात उभं केलं नाही, हे आपल्या समीक्षेचं नुकसान. धारपांच्या कथेत संकट बहुधा साध्या मध्यमवर्गीय घरात येतं. वारशाने एखादा वाडा मिळतो, एखादी वस्तू हाती लागते, आणि कुणाच्या तरी मनात बारीकशी फट असते. थोडा हव्यास, थोडी कुतूहलाची खाज, आतल्या आत जिरवलेला अपमान. जे बाहेरून येतं ते त्या फटीतून शिरतं. ‘लुचाई’चं बीज स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’मधलं आहे. पण त्यातली माणसं चहा घेऊन बोलू लागली की ती आपल्या आळीतली होतात.

या काळोखासमोर धारपांनी समर्थ नावाचे सिद्धपुरुष उभे केले. समर्थकथा सांगतात आप्पा जोशी, एक साधा संसारी माणूस, आणि घाबरण्याची सगळी जबाबदारी त्यांच्यावर. समर्थांना राग येत नाही, भीती वाटत नाही, जिंकल्याचा आनंदही दिसत नाही. त्यांची शक्ती भावना विझवल्यातून येते. म्हणजे पुन्हा रिद्धपूर आणि वेताळाचा राजा. वाचक म्हणून माझी एक तक्रार आहे. समर्थ दारात आले की भीती संपते आणि भीतीबरोबर गोष्टही थोडी संपते. समर्थ नसलेल्या कादंबऱ्यांत धारप जास्त चांगले आहेत, कारण तिथे सामान्य माणसाला आपल्या थरथरत्या हातांनीच काहीतरी करावं लागतं.

रत्नाकर मतकरींनी गूढकथा मनाच्या आणखी आत नेली. त्यांच्याकडे मांत्रिक जवळजवळ अनावश्यक होतो. एकटेपणा, अपराधी भाव, कुणावर तरी धरलेला डूख, एवढ्यावर काम भागतं. त्याच मतकरींनी ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात पोरांना एक चेटकीण दिली. दिलीप प्रभावळकरांनी ती रंगवली आणि पोरं तिला घाबरता घाबरता तिच्या प्रेमात पडली. २०२० च्या मे महिन्यात मतकरी गेले तेव्हा अनेकांना आधी ती चेटकीणच आठवली असेल. जी. ए. कुलकर्णींचा ‘इस्किलार’ (‘रमलखुणा’, १९७५) वेगळ्याच वाटेचा. तिथे नियती इतकी जड आहे की माणसाच्या भावनेने काही हलतच नाही.

मग या शतकाच्या सुरुवातीला हॅरी पॉटर आला आणि उजेडाचं इंधनच बदललं. दमपिशाच्चांना पळवायला हॅरीला मन शांत करायचं नसतं. आयुष्यातली सगळ्यात आनंदाची आठवण पकडून ठेवायची असते. उलट बाजूही तशीच आहे. छळाचा शाप नुसत्या रागाने चालत नाही, समोरच्याला दुखवण्याची मनापासून हौस लागते. उर्सुला ल गुइनच्या १९६८ च्या पृथ्वीसागरात (अर्थसी) जादूगार गेडच्या गर्वातून सावली सुटते, आणि तिला स्वतःच्याच नावाने हाक मारली तेव्हा ती आवरते. ते आपल्याला ओळखीचं वाटतं. ‘स्टार वॉर्स’मधले जेडायही आपल्या मठातले शोभतील असे विरक्त. पण आनंद हे शस्त्र, ही गोष्ट आपल्याकडच्या वाचकाला नवी होती. आपल्या सिद्धपुरुषांना हसताना किती जणांनी पाहिलंय?

या सगळ्या वळणांनंतर ‘तुंबाड’ (२०१८) पाहावा. दिग्दर्शक राही अनिल बर्वे सांगतात की १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्यांना नारायण धारपांची एक कथा सांगितली आणि ती त्यांच्या मानेवर बसली ती बसलीच. नागझिरा म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातलं, सागवानाचं आणि अस्वलांचं. रात्री तिथे नुसतं पान पडलं तरी बोलणारा थांबतो. पुढे पंचवीस वर्षांनी तो सिनेमा पडद्यावर आला. नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीची आठवण करून देणारं, भाषा हिंदी, आणि आत वाड्यातला समंध.

पूर्तीच्या देवीचा पहिला मुलगा हस्तर. आईचं सोनं त्याने घेतलं, धान्याला हात घालताना देवांनी त्याला फोडून काढलं. आईने पोटात लपवलं म्हणून वाचला, पण कायमचा उपाशी. म्हणून त्याच्याकडून मोहरा काढायच्या तर कणकेची बाहुली करून खाली उतरायचं. दोराने विहिरीसारख्या गर्भात उतरायचं, भोवती पिठाचं रिंगण घालायचं, बाहुली पुढे करायची. भुकेला तो तिच्यावर तुटून पडतो, तेवढ्यात त्याच्या लंगोटातून पडतील त्या मोहरा झटक्यात उचलायच्या. या विद्येत एकही अवघड शब्द नाही, स्वयंपाकघरातली कणीक तेवढी. ती चालते दोन भुकांवर, एक खालची, एक वरची, आणि खालची भूक निदान खरी पोटाची आहे.

सिनेमात झोपवण्याचा एक मंत्र आहे, हस्तरचं नाव घेऊन घातलेला धाक. सिनेमाचा नायक विनायक लहानपणी तो घरातल्या शापित म्हातारीवर धास्तीने म्हणतो. मोठा झाल्यावर तो तिच्याकडे परत येतो. तिच्या देहातून झाड फुटलेलं असतं, ती जिवंतच असते. गुपित सांगितल्याच्या बदल्यात तो तिला जाळून मोकळी करतो. हा उपकार नव्हे, सौदा. शेवटी विनायक स्वतः म्हातारीसारखाच शापित होतो आणि पोरापुढे, पांडुरंगापुढे, हस्तरचा अख्खा लंगोट धरतो. हा पोरगा काही साधुसंत नाही. एकेक मोहर कशाला, सगळा लंगोटच पळवू, ही कल्पना त्याचीच असते. पण आता तो हात पुढे करत नाही. तोच मंत्र म्हणतो आणि बापाला जाळतो.

काय वाटलं असेल त्याला त्या क्षणी? सप्टेंबर २०२४ मध्ये सिनेमा पुन्हा थिएटरात लागला, तेव्हा बाहेर पडताना माझी आणि मित्राची यावरून जुंपली. माझं म्हणणं, अख्ख्या सिनेमात मोबदल्याशिवाय केलेलं हे एकच काम आहे, म्हणून ती माया. मित्र म्हणाला, माया कसली, बापाचं तोंड पाहून पोराची फाटली. तसं असेल तर ती आग म्हातारीला लावलेल्या आगीहून वेगळी नाही, आणि पुढच्या पिढीत कुणीतरी पुन्हा कणीक मळायला बसणार. पांडुरंगाचा चेहरा दोन्ही बाजूंनी वाचता येतो. पार्किंगमधून गाड्या काढेपर्यंत आमचं काही एकमत झालं नाही.