आवाज कधी येते?

बुलढाण्याहून मलकापूरकडे जाणारा रस्ता राजूर घाटातून खाली उतरतो. उतारभर ब्रेक धरून आलेल्या मोटारसायकली पायथ्याच्या गॅरेजवर थांबतात आणि बहुतेकांची मागणी एकच असते : "डिस्क वाजते, पॅड बदलून द्या." तिथला मिस्त्री पाना उचलायच्या आधी विचारतो, "भाऊ, आवाज कधी येते? दाबल्यावरच, का सोडल्यावरही?"

निम्मं निदान या प्रश्नातच होतं. दाबलं की कान किटवणारी किंचाळी आणि सोडलं की शांत, असं असेल तर बहुधा पॅड तापून गुळगुळीत झालेला असतो, नाहीतर त्यावर काही तेलकट बसलेलं असतं. मग पॅड डिस्कला नीट धरत नाही; सेकंदाला हजारो वेळा धरतो-सुटतो आणि ते कंपन आपल्याला ऐकू येतं. दाबल्यावर जाडाभरडा खरखराट आला तर घासायचा थर संपून मागची लोखंडी पट्टी डिस्कला लागली. अशी गाडी घाटात न्यायचीच नाही. चाकाच्या दर फेऱ्याला एकाच जागी खस्स होत असेल तर डिस्क वाकली आहे का ते पाहायचं. आणि ब्रेक सोडूनही घासणं थांबतच नसेल, तर कॅलिपर चिकटला.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीत फिरणाऱ्या गाड्यांना हा शेवटचा आजार जडतो, आणि नुसते पॅड बदलून तो जात नाही. मी पाहत होतो ती दीडशे सीसीची गाडी शेतातून ये-जा करणारी. स्टँडवर घेऊन पुढचं चाक हाताने फिरवलं, तर एका फेऱ्यातच थांबलं. दोन बोल्ट काढून कॅलिपर हातात घेतला. पिस्टनकडचा पॅड खाचेपर्यंत झिजलेला, पलीकडचा जवळपास नवा. मिस्त्रीने दोन्ही पॅड माझ्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. वेगळं काही सांगायची गरजच राहिली नाही.

या कॅलिपरला पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड दाबतो आणि त्याच जोराने सगळा कॅलिपर दोन पिनांवर सरकून पलीकडचा पॅड ओढतो. ब्रेक सोडल्यावर पिस्टन मागे घ्यायला स्प्रिंग नसते; त्याच्याभोवतीची रबरी रिंग दाबताना पिळवटते आणि सुटताना त्याला केसभर मागे ओढते. एवढ्याशा जागेवर सगळा खेळ. इथे रबरी टोपी फाटून पिनेवर चिखल शिरला होता आणि जुन्या ग्रीसमध्ये वाळून घट्ट बसला होता.

पिना पुसून बारीक पॉलिश पेपरने घासल्या आणि सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस रबर फुगवतं. पिस्टनवरची घाण मात्र ब्रेक ऑइलनेच पुसली. पेट्रोल आतल्या रबराचं वाटोळं करतं. डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते, तीही मोजून झाली.

मला राग येतो तो गाडी धुतल्यावर चकाकीसाठी डिझेल फवारायच्या सवयीचा. ते डिस्कवर उडालं की किंचाळी येते आणि पकड जाते. डिस्क साफ होते, पण तेल प्यायलेले पॅड फेकावेच लागतात. आवाज बंद करायला घासायच्या बाजूला तेल किंवा ग्रीस लावणारेही आहेत. तो जिवाशी खेळ आहे. 1 एप्रिल 2019 पासून सव्वाशे सीसीवरच्या नव्या मोटारसायकलींना एबीएस सक्तीचं झालं, पण पॅडनेच धरलं नाही तर एबीएस काय करणार?

नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा दाबलं की लिव्हर सरळ दांड्याला टेकतो. मिस्त्रीने तो कडक होईपर्यंत दाबत ठेवला, चाक मोकळं फिरतंय हे पाहिलं आणि मगच चावी दिली. "दोन-तीनशे किलोमीटर जोरात दाबू नका, पॅड बसू द्या. घाट उतरताना गिअर खाली ठेवा."