गाठीचा वेग

खोकल्यासाठी आजोबांचा सीटी स्कॅन काढला आणि फुप्फुसांत चार-पाच बारीक गाठी दिसल्या. घरचे हादरतात. डॉक्टर आधी विचारतात, "जुना स्कॅन आहे का?" कारण गाठ किती वेगाने वाढते, हे फार महत्त्वाचं. ती साधारण चेंडूसारखी गोल असते. 8 मिलिमीटरची 10 झाली तर फरक किरकोळ वाटतो, पण आकारमान जवळपास दुप्पट झालेलं असतं. भरीव कर्करोगी गाठीला त्यासाठी बहुधा 400 दिवसही लागत नाहीत. जुन्या क्षयाचे चुनखडीसारखे कडक झालेले व्रण सहसा वाढतच नाहीत. पण काचेवरच्या वाफेसारखे पुसट डाग वर्षानुवर्षं रेंगाळूनही कर्करोग निघू शकतात. शंका उरली, तर सुईने तुकडा काढून तपासतात. घरातले जुने स्कॅन रद्दीत टाकू नका.